मोडेन, पण वाकणार नाही!

‘मोडेन, पण वाकणार नाही’ हे वाक्य मराठी माणसाला फार आवडते. शाळेच्या फळ्यावरील सुविचारापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत ते हमखास टाळ्या घेते. माणसाच्या बाबतीत तो बाणा असेलही. पण पुलाच्या तुळईनेच हा बाणा धरला, तर तिच्यावरून जाणाऱ्यांनी काय करायचे? स्थापत्य अभियंत्याला नेमकी उलट स्वभावाची तुळई हवी असते. भार जास्त झाला की तिने आधी वाकावे, अंगावर भेगा दाखवाव्यात, थोडी कुरकुर करावी आणि मोडण्यापूर्वी माणसांना बाजूला होण्याइतका अवधी द्यावा. वाकणे हा तुळईचा कमकुवतपणा नव्हे. ती तिची सभ्यता आहे.

हे आठवण्याचे कारण असे की, गेल्या पन्नास वर्षांत आपल्या अवतीभवती ज्या तुळया उभ्या राहिल्या, त्यांतल्या पुष्कळशा सहजासहजी न वाकणाऱ्या जातीच्या आहेत. मानखुर्दहून वाशीला नेणारा खाडीपूल, मुंबईत नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस एकामागून एक उठलेले उड्डाणपूल, डोक्यावरून धावणारी मेट्रो, इतकेच काय, रेल्वेरुळांखालचे काँक्रीटचे स्लीपर, या साऱ्यांत ‘प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट’ आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत त्याला ‘पूर्वप्रतिबलित काँक्रीट’ असे भारदस्त नाव आहे. गेल्या शतकातील बांधकामशास्त्राची ही एक मोठी देणगी होय. मात्र या देणगीची ताकद नेमकी किती, असे विचारले तर एका आकड्यात उत्तर देता येत नाही. तुळईची ताकद तिच्यावर एकाच वेळी काय काय येते यावर अवलंबून असते, आणि सारा घोळ याच ‘एकाच वेळी’त आहे.

बैलगाडीची धाव आणि फ्रेसिनेची तार

काँक्रीट हा मोठा एककल्ली पदार्थ आहे. दाबले तर तो अफाट सोसतो, ताणले तर लगेच फाटतो. पुलासाठी वापरतात तसले चांगले काँक्रीट एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे चारशे किलोंचा दाब घेईल. पण ओढू लागलात तर त्याच्या दहाव्या हिश्श्यातच हात टेकील. आता कोणतीही तुळई भाराखाली वाकली की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून खालच्या बाजूला लोखंडी सळ्या घालायच्या आणि ताण त्यांच्यावर सोपवायचा. हे झाले आपल्या घराच्या स्लॅबमधले साधे आरसीसी. त्यात काँक्रीटला बारीक भेगा पडतातच, पण सळ्या काम सांभाळतात.

प्रीस्ट्रेसिंगची कल्पना याच्या एक पाऊल पुढची आहे. काँक्रीटला ताण सोसत नाही ना? मग भार येण्यापूर्वीच त्याला इतके दाबून ठेवायचे, की पुढे येणारा ताण हा दाब थोडा कमी करण्यातच खर्ची पडावा. आपल्या गावच्या लोहाराला ही युक्ती ठाऊक होती. बैलगाडीच्या लाकडी चाकासाठी तो लोखंडी धाव किंचित लहान करतो, लालबुंद तापवून फुगली की चाकावर बसवतो आणि वरून पाणी ओततो. धाव आक्रसते, आरे आणि घेर एकमेकांत घट्ट आवळले जातात. त्यानंतर ते चाक खाचखळग्यांतून वर्षानुवर्षे धडधडत गेले तरी सांधे सुटत नाहीत. लाकूड जन्मापासूनच दाबाखाली आहे, त्याला सुटायला वावच नाही.

काँक्रीटला अशी धाव बसवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत आणि जर्मनीत झाले आणि फसले. सळ्या ताणून काँक्रीट आवळले जाई, पण काही महिन्यांत तो आवळ सैल पडे. का, ते फ्रान्समधल्या युजीन फ्रेसिने या अभियंत्याला उमगले. १९११ च्या सुमारास त्याने आलिए नदीवर ल व्हर्द्र येथे काँक्रीटच्या कमानींचा पूल बांधला होता. पूल झाल्यावर काही महिन्यांनी त्याच्या लक्षात आले की, कमानींचे माथे हळूहळू खाली बसताहेत. रातोरात निवडक माणसे हाताशी धरून त्याने जॅक लावले, कमानी पुन्हा उचलल्या आणि पूल वाचवला. त्या धसक्यातून त्याला कळले की, काँक्रीट हा निर्जीव दगड नव्हे. सतत दाबाखाली ठेवले तर ते वर्षानुवर्षे थोडे थोडे आखडत राहते.

हिशेबच मांडायचा तर असा. दहा मीटर लांबीची साधी सळई तिला सोसेल इतकी ताणली तर ती सात मिलिमीटर वाढते. काँक्रीट सुकण्याने आणि दाबाने कालांतराने जवळजवळ तेवढेच आखडते. म्हणजे कमावलेले सारे गेले! पण अतिशय कणखर पोलादाची तार घेतली आणि ती सातआठ पट जोराने ताणली, तर ती पन्नास-पंचावन्न मिलिमीटर वाढते. त्यातून सात गेले तरी बाकी भरपूर उरते. फ्रेसिनेने १९२८ मध्ये या तत्त्वाचे पेटंट घेतले. आजही केबल ताणण्यासाठी जे जॅक आणि पाचरी वापरतात, त्यांच्या मुळाशी त्याचेच डोके आहे.

वाक, कातर आणि पीळ

हे तत्त्व हातांनी अनुभवायचे असेल तर कपाटातली दहाबारा पुस्तके घ्या. ओळीने उभी करून दोन्ही तळहातांनी दोन टोकांकडून दाबा आणि अख्खी ओळ उचला. सुटी पुस्तके एका तुळईसारखी हवेत राहतात. तळहात किंचित खालच्या अंगाने दाबलेत तर आणखी भक्कम. खऱ्या तुळईतही केबल नेमकी याच कारणाने मधल्या भागात तळाशी नेलेली असते.

आता कुणाला तरी त्या ओळीच्या मधोमध बोट टेकवायला सांगा. ओळ खाली झुकते, तळाशी पुस्तकांत फट पडू पाहते. ही ‘वाक’. मग तळहाताजवळच्या एखाद्याच पुस्तकावर बोट जोरात दाबायला सांगा. ओळ न झुकता ते एकच पुस्तक शेजारच्याला घासत खाली सटकते. ही ‘कातर’, कात्रीची दोन पाती एकमेकांशेजारून सरकतात तशी. शेवटी एक तळहात पुढे आणि एक मागे असा फिरवा. पुस्तके एकमेकांवर गरगरतात. हा ‘पीळ’.

वाक सगळ्यांना दिसते, म्हणून तिची काळजीही सगळे घेतात. कातर आणि पीळ मात्र घातकी आहेत. कातरीमुळे तुळईच्या कुशीत, आधाराजवळ, तिरप्या भेगा पडतात. पिळाने पडणारी भेग कशी असते ते पाहायला शाळेतला खडू पुरे. तो दोन्ही हातांनी धुणे पिळावे तसा पिळा. खडू सरळ तुटत नाही, जिन्यासारख्या गोल फिरत गेलेल्या तिरप्या रेषेत तुटतो. आणि तुटण्यापूर्वी काही सांगत नाही. काँक्रीटची तुळई पिळाने अशीच तुटते. उड्डाणपुलाच्या वळणावर हा पीळ कायमचाच असतो, कारण वळलेली तुळई स्वतःच्या वजनानेही कलंडू पाहते. सरळ पुलावरदेखील अवजड ट्रक एका कडेच्या मार्गिकेतून गेला की पीळ येतोच.

प्रीस्ट्रेसिंग या तिन्ही संकटांत मदत करते. आवळलेल्या काँक्रीटला तिरपी भेग पडायला जास्त जोर लागतो. तिरपी नेलेली केबल भाराचा काही हिस्सा सरळ वर उचलून धरते. पिळाच्या बाबतीत अमेरिकेतील प्रयोगांवरून एक सोपे समीकरण रूढ झाले. काँक्रीटच्या ताकदीच्या एक दशांश इतका सरासरी दाब तुळईत आधीच भरला असेल, तर पहिली भेग पडायला सुमारे १.४ पट पीळ लागतो. दाब एक पंचमांश असेल, तर १.७ पट.

एक पगार, तीन खर्च

हे ऐकून कुणालाही वाटेल की, मग चिंता कसली? वाकेपुरती ताकद आहे, कातरीपुरती आहे, पिळापुरतीही आहे. मध्यमवर्गीय गृहिणीला मात्र यातली मेख लगेच कळेल. दरमहा येणारा पगार किराण्याला पुरतो, घराच्या हप्त्याला पुरतो आणि मुलांच्या फीलाही पुरतो; पण प्रत्येकाला वेगवेगळा! तिन्ही खर्च एकाच पहिल्या तारखेला दारात उभे राहिले, की घराची खरी ऐपत कळते. तुळईचेही तसेच. काँक्रीट तेच, केबल तीच, आणि मागणारे तीन.

मेट्रोच्या किंवा मोठ्या पुलाच्या पोकळ पेटीसारख्या तुळईचे उदाहरण घेऊ. तिला डावी आणि उजवी अशा दोन उभ्या भिंती असतात. भाराने येणारी कातर दोन्ही भिंतींत सारखी, समजा दहा-दहा मापे. ट्रक कडेने गेला तर पीळ येतो, आणि पीळ पेटीभोवती गोल फिरतो. एका भिंतीत वरून खाली, दुसरीत खालून वर. त्याची चार मापे धरली, तर एका भिंतीवर चौदा येतात आणि दुसरीवर सहाच उरतात. सरासरी अजूनही दहाच आहे. पण सरासरीने पूल सांभाळला जात नाही. जी भिंत चौदा सोसते तिच्यावर पुलाचे भवितव्य ठरते.

ही बेरीज नेहमी एवढी सरळही नसते. पीळ तुळईला लांबीच्या दिशेनेही ताणतो. तळाशी वाकेचा ताण आधीच आहे, त्यात पिळाचा ताण मिळतो आणि तळच्या केबलवर दुहेरी ओझे पडते. माथ्यावर उलट. तिथे वाकेने दाब दिलेला असतो, तो पिळाचा ताण काहीसा खाऊन टाकतो. म्हणूनच ज्या तुळईत तळाशी पोलाद जास्त आणि माथ्याशी कमी आहे, तिच्यावर थोडी वाक असेल तर ती पीळ अधिक सोसते असाही चमत्कार प्रयोगशाळेत दिसला. भार एकत्र आले की कधी ते एकमेकांचे वैरी असतात, कधी सोबती. कोणते नाते कुठे, हे ओळखणे हेच अभियंत्याचे काम.

ते ओळखायला जगाला बराच काळ लागला. जर्मनीत राउश यांनी १९२९ मध्ये पिळलेल्या तुळईकडे आतून एक त्रिमित सांगाडा म्हणून पाहण्याची रीत दिली. तिरपे काँक्रीट दाब घेते आणि सळ्या व रिंगा ताण घेतात, असे तिचे सार. सोव्हिएत रशियात लेसिग यांनी १९५९ मध्ये वाक आणि पीळ एकत्र आले की तुळई तिरक्या प्रतलावर कशी मोडते ते मांडले. आपल्याकडच्या आयएस १३४३ या मानकाच्या १९८० च्या आवृत्तीत अभियंत्यांसाठी एक व्यवहारी तोड होती. पिळाचे रूपांतर वाकेत करा आणि ते मूळ वाकेत मिळवा. उंची रुंदीच्या दुप्पट असलेल्या तुळईत पिळाचे एक माप वाकेच्या जवळजवळ सव्वादोन मापांइतके धरावे लागते. पीळ किती महाग पडतो, हे या एका आकड्यावरून कळेल.

याहून महत्त्वाचा एक मुद्दा आहे. प्रीस्ट्रेसिंग पहिली भेग लांबवते. पण ती पडल्यानंतरच्या पिळाला आणि कातरीला पुरे पडण्याची हमी ते देत नाही. ती हमी देतात त्या रिंगा. तुळईच्या केबलभोवती ठरावीक अंतराने बांधलेल्या या साध्या लोखंडी रिंगा दिसायला किरकोळ. सेंट्रिंगवर काम करणारा माणूस त्या बांधून कंटाळतो, आणि त्या थोड्या विरळ झाल्या तरी ओतकामानंतर कुणाला दिसत नाहीत. पण रिंगा पुरेशा नसतील तर पहिली तिरपी भेग हीच शेवटची ठरते. ‘मोडेन, पण वाकणार नाही’ म्हणतात ते हेच.

न मोजलेला चौथा

भार एकत्र येण्याचा धडा जगाने एका गोदामाकडून घेतला. अमेरिकेतील ओहायो राज्यात शेल्बी येथे हवाई दलाचे एक मोठे गोदाम होते. ऑगस्ट १९५५ मध्ये त्याच्या छताचा एक भाग कोसळला. वर बर्फ नव्हते, वादळ नव्हते, माल ठेवलेला नव्हता. छताच्या तुळया आपल्याच वजनाने, आधारापासून काही अंतरावर, तिरप्या भेगेवर कातरल्या गेल्या होत्या. तेव्हाच्या नियमांनुसार हिशेब बरोबर होता. मग चुकले काय?

पोर्टलंड सिमेंट असोसिएशनच्या प्रयोगशाळेत छोट्या तुळया करून याचा शोध घेतला गेला. काँक्रीट सुकताना आखडते, थंडीने आखडते. त्याला सरकायला मोकळीक असेल तर काही बिघडत नाही. पण गोदामातले प्रसरणाचे सांधे नीट सरकत नव्हते. आखडू पाहणारी तुळई दोन्ही टोकांनी धरून ठेवली गेली आणि तिच्यात लांबीच्या दिशेने ताण साठला. हा चौथा भार कुणाच्या हिशेबात नव्हता. प्रयोगात दिसले की, एका चौरस सेंटिमीटरला सुमारे चौदा किलो इतक्या लहान ताणानेही कातर सोसण्याची ताकद निम्मी होते! या तुळया साध्या आरसीसीच्या होत्या, पण धडा प्रीस्ट्रेस्डलाही तितकाच लागू आहे. लांबीच्या दिशेने दाब असेल तर कातरीची ताकद वाढते, ताण असेल तर झरझर उतरते. प्रीस्ट्रेसिंग म्हणजे तो दाब. तो जितका गळेल तितकी कातरीची आणि पिळाचीही ताकद गळते.

आता पुलावरून जाताना दर काही मीटरवर गाडीला जो धडका बसतो, तो आठवा. तो प्रसरणाचा सांधा. त्याखाली, खांबाच्या माथ्यावर तुळई ज्या रबरी किंवा धातूच्या उशीवर टेकते, ते बेअरिंग. सांध्यात खडी-माती भरली, वरून तीन-तीन थर डांबर चढवले, पावसाचे पाणी झिरपून बेअरिंग गंजून अडकले, की शेल्बीचे गोदाम तिथेच उभे राहते. ज्याला आपण ‘मेंटेनन्सचे किरकोळ काम’ म्हणतो, ते खरे तर तुळईच्या ताकदीच्या हिशेबातले एक पद आहे.

गंज, कुरकुर न करणारा

दाब गळण्याचे दुसरे कारण गंज. केबल तुळईतल्या नळीतून जाते. ती ताणल्यावर नळीत सिमेंटची पातळ लापशी, म्हणजे ग्राउट, दाबाने भरतात. तार गंजू नये म्हणून. ही लापशी नीट भरली नाही, कुठे पोकळी राहिली, तर तिथे पाणी आणि मीठ पोहोचते. प्रचंड ताणाखाली असलेली बारीक तार साध्या सळईपेक्षा फार लवकर तुटते. आणि तुळई मात्र वरून गुळगुळीत, एकही भेग नाही.

वेल्समध्ये १९५३ साली बांधलेला इनिस-अ-ग्वास हा छोटा पूल ४ डिसेंबर १९८५ ला असाच कोसळला. वर वाहतूक नव्हती, पूर्वसूचनाही नव्हती. तुकड्यांच्या सांध्यांपाशी केबल गंजल्या होत्या. ब्रिटिश सरकारने एवढा धसका घेतला की, १९९२ मध्ये ग्राउट भरलेल्या केबलच्या नव्या पुलांवर बंदी घातली. सुधारित पद्धती ठरल्यावर ती १९९६ मध्ये शिथिल झाली.

आपल्याला मात्र वेल्सपर्यंत जायला नको. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल जुलै १९८६ मध्ये नदीत गेला. बांधून दोन दशकेही झाली नव्हती. माणसे दगावली, आणि उत्तर गोव्याचा राजधानीशी असलेला सलग रस्ताच तुटला. खाऱ्या हवेने केबल खाल्ल्या होत्या. १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत गोवेकर पुन्हा फेरीबोटीच्या रांगेत उभा राहिला. झुवारीवरच्या १९८३ च्या पुलाचेही दुखणे तेच. तिथे अवजड वाहनांना वर्षानुवर्षे बंदी ठेवावी लागली आणि अखेर २०२२-२३ मध्ये शेजारी नवा पूल वाहतुकीस खुला झाला.

ठाण्याच्या खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा. नवी मुंबई वसली ती त्याच्या भरवशावर. पण खाडीचे क्षार, दमट हवा आणि वाढती वाहतूक यांनी त्याच्या केबल वेळेआधीच म्हाताऱ्या केल्या. तुळईच्या पोटात बाहेरून नव्या केबल ताणून त्याला आधार दिला गेला, अवजड वाहने हटवली गेली आणि १९९७ मध्ये शेजारी १८३७ मीटर लांबीचा दुसरा पूल सुरू झाला. या प्रकरणात एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे. दुखणे वेळीच ओळखले गेले. मांडवी कोसळला, ठाण्याचा पूल कोसळला नाही. दोन्हींचा रोग एकच होता. फरक तपासणीने पाडला.

अलीकडची आठवण जर्मनीची. ड्रेस्डेन शहरातील १९७१ च्या कारोला पुलाचा एक भाग ११ सप्टेंबर २०२४ च्या पहाटे एल्बे नदीत कोसळला. शेवटची ट्राम काही मिनिटांपूर्वीच गेली होती, म्हणून जीवितहानी टळली. ताणाखालच्या तारांना आतून चिरा गेल्या होत्या आणि त्याची सुरुवात बांधकामाच्या काळातच झाली होती, असे तपासात पुढे आले. अर्धे शतक तुळई गप्प राहिली!

गुपित ठेवलेला पूल

पॅसिफिक महासागरातील पलाऊ या चिमुकल्या देशातील कोरोर-बाबेलदाओब पुलाची कथा आणखी वेगळी. १९७७ मध्ये झालेला हा पूल २४१ मीटरच्या एकाच गाळ्याचा. काँक्रीटच्या तुळईचा तेव्हाचा जागतिक विक्रम. अठरा वर्षांत त्याचा मध्य सव्वा मीटरहून अधिक खचला. फ्रेसिनेने पाहिलेले तेच आखडणे. फक्त नियमांच्या पुस्तकाने वर्तवले होते त्याच्या कितीतरी पट. १९९६ मध्ये नव्या केबल ताणून आणि मधला सांधा बंद करून दुरुस्ती केली गेली. ती पुरी होऊन तीन महिनेही झाले नव्हते, तोच २६ सप्टेंबर १९९६ रोजी शांत हवेत पूल कोसळला. दोघे गेले. दुरुस्तीने तुळईतल्या बलांचे सारे वाटपच बदलले होते.

खटला आपसांत मिटला आणि तांत्रिक कागदपत्रे सीलबंद झाली. अकरा वर्षे जगातील कुणालाही त्या अपघातापासून शिकता आले नाही. २००७ मध्ये बेंगळुरूला भरलेल्या संरचना अभियंत्यांच्या जागतिक परिषदेत, प्रा. झ्देनेक बाझांट यांच्या पुढाकाराने, ही माहिती खुली करण्याचा ठराव झाला. पुढच्याच वर्षी ती खुली झाली. तिच्या आधारे बाझांट यांनी दाखवून दिले की, अशा तऱ्हेने हिशेबाबाहेर खचलेले पन्नासाहून अधिक मोठे पूल जगभर आहेत. लपवलेल्या कागदाची किंमत ती एवढी.

आपण काय विचारावे?

मुंबई-पुण्याचे पहिल्या पिढीचे उड्डाणपूल आता पंचविशी-तिशीत आले आहेत. माणसाची ही उमेदीची वर्षे. खाऱ्या हवेतल्या तुळईची मात्र पहिली सविस्तर तपासणी करण्याची. ‘स्ट्रक्चरल ऑडिट झाले’ एवढ्यावर आपण समाधान मानतो. ते ऑडिट कशाचे झाले, हे विचारायला हवे.

पुलाची भारचाचणी घेतात तेव्हा वाळूने भरलेले ट्रक मधोमध उभे करतात, तुळई किती वाकली ते मोजतात आणि भार काढल्यावर चोवीस तासांत ती किती परत आली ते पाहतात. प्रीस्ट्रेस्ड तुळई निदान ८५ टक्के परत यायला हवी, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. चाचणी चांगलीच आहे. पण ती वाकेची परीक्षा आहे. कातरीचा आणि पिळाचा पेपर त्यात जवळजवळ नसतोच, आणि नळीतली गंजकी तार तर दिसतच नाही. म्हणून केबलच्या नळ्यांत दुर्बीण घालून पाहणे, तार तुटल्याचा आवाज टिपणारी यंत्रे लावणे, काँक्रीटमधल्या क्षारांचे प्रमाण मोजणे, हे उपाय करावे लागतात. ते खर्चिक आहेत, पण नव्या पुलापेक्षा कितीतरी स्वस्त.

त्याहून स्वस्त उपाय तर झाडू आणि फावड्याचे आहेत. पावसाळ्यापूर्वी पुलावरची पाणी वाहून नेणारी भोके मोकळी करणे, सांध्यातली माती काढणे, बेअरिंग सरकते का ते पाहणे, जुन्या थरावर नवे डांबर चढवण्याआधी जुने खरवडणे. डांबराचा प्रत्येक जादा थर हा कायमचा भार आहे. तो रात्रीही उतरत नाही. क्षमतेच्या दीडपट माल भरलेला ट्रक वजनकाट्यावरून ‘समजून’ सोडून दिला जातो, तेव्हाही तो कडेच्या मार्गिकेतूनच जाणार असतो आणि वाक, कातर, पीळ तिन्ही एकदम वाढवणार असतो. आणि शेवटचे म्हणजे, प्रत्येक पुलाचे मूळ नकाशे, केबल ताणल्याच्या नोंदी आणि तपासणीचे अहवाल जपले गेले पाहिजेत आणि मागणाऱ्याला पाहता आले पाहिजेत. ज्या तुळईत काय घातले हे कुणाला ठाऊक नाही, तिची ताकद हिशेबाने काढता येत नाही. तिथे मग नवसच करावा लागतो.

प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यावाचून आजची मुंबई हलणार नाही. नीट आखलेली, रिंगांनी बांधलेली, ग्राउट नीट भरलेली आणि सांधे मोकळे राखलेली तुळई शंभर वर्षे सेवा देऊ शकते. आणि जास्त झालेच, तर वाकून, भेगा दाखवून तसे सांगूही शकते. तिला बोलायला शिकवणे हे आखणाऱ्याचे काम आहे. ती बोलत नसेल तर तिची नाडी पाहणे हे सांभाळणाऱ्याचे. मोडण्याचा बाणा माणसांनी बाळगावा. पुलांनी मात्र वाकायलाच शिकावे.